मदतनीस: हात दुसऱ्याचे, निर्णय माझा

(श्रीवर्धन-म्हसळा परिसरातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मित्रांनो, मैत्रिणींनो, आज मला एका कामाविषयी बोलायचंय. आपल्या किनाऱ्यावर हे काम घरोघरी चालतं, पण त्याला ना नाव आहे, ना पगार, ना सुट्टी. ते म्हणजे अपंग असलेल्या मोठ्या माणसाला रोजचं आयुष्य जगायला मदत करण्याचं काम.

मी मुद्दाम ‘मोठ्या माणसाला’ म्हणतोय. अपंगत्वाचा विषय निघाला की आपण लहान मुलांबद्दल बोलतो. शाळा, ऑपरेशन, उपचार, दुआ. पण ते मूल मोठं होतं. पंचवीस वर्षांचं होतं, चाळीस वर्षांचं होतं. त्याला कमवायचं असतं, जुम्याला जायचं असतं, बाजारात उभं राहून मासळीचा भाव करायचा असतं, निकाहाचा विचारही त्याच्या मनात येतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात जवळपास ३० लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यातली किती माणसं आपल्याला रस्त्यावर, मशिदीत, एसटीत दिसतात? दिसत नाहीत, कारण ती आतल्या खोलीत आहेत.

मुरूडपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत आपल्या गावांची एक खास गोष्ट आहे. पुरुष कुवेत, दुबई, सौदीला, आणि घरात बायका व म्हातारी माणसं. बऱ्याच घरांत पैशांची तितकी अडचण नसते. व्हीलचेअर येते, एसी येतो, महागडा पलंगही येतो. कमी पडतात ते हात. उचलायला, आंघोळ घालायला, बाहेर न्यायला फक्त अम्मी असते, किंवा लग्न न झालेली बहीण, किंवा भाभी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आम्ही कुठलीही यंत्रणा तपासताना आधी विचारतो की असा कोणता एक भाग आहे, जो बंद पडला तर सगळंच बंद पडेल? त्याला आमच्याकडे ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. आपल्या या घरांत तो भाग म्हणजे अम्मी. तिला दोन दिवस ताप आला तर मुलाची आंघोळ थांबते. तिचे गुडघे गेले की मुलाचं बाहेर जाणं संपतं. म्हणूनच कितीतरी माता एक दुआ मागतात, जी मोठ्याने कुणी म्हणत नाही: ‘या अल्लाह, माझ्याआधी याला उचल.’ ज्या वस्तीत आईला अशी दुआ मागावी लागते, त्या वस्तीने स्वतःकडे बघायला हवं. दोष त्या आईचा नाही. तिच्यानंतर कोण, याचं उत्तर आपण तिला दिलेलं नाही.

आता ‘स्वतंत्र जगणं’ म्हणजे काय? सगळं एकट्याने करणं, असा अर्थ नाही. आपण कुणीच सगळं एकट्याने करत नाही. मी घरची वायरिंग करत नाही, दाढीसाठी सलूनमध्ये जातो, तरी मला कुणी परावलंबी म्हणत नाही. कारण कुणाला बोलवायचं, कधी बोलवायचं, हे मी ठरवतो.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्सने हाच मुद्दा मांडला. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि त्याचं मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं. झोपताना श्वासासाठी ‘आयर्न लंग’ नावाचं यंत्र लागायचं. १९६२मध्ये त्याने बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला. मागोमाग त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. आपले मदतनीस निवडायचे, शिकवायचे, नाही जमलं तर बदलायचे, हे ते स्वतः ठरवू लागले. त्यातूनच १९७२मध्ये बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: हात दुसऱ्याचे असू देत, निर्णय माझा असेल.

हे ऐकून कुणाला वाटेल की ही परदेशी कल्पना आहे. तसं नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम दृष्टिहीन होते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सूरह अबसचा संदर्भही माहीत आहे. पण एका तपशिलाकडे आपलं लक्ष जात नाही. रमजानमध्ये मदिनेत दोन अजाना होत. पहिली हजरत बिलाल यांची, आणि पहाट झाल्यावर इब्न उम्मे मक्तूम यांची. त्यांना उजाडलेलं दिसत नसे. लोक त्यांना सांगत की सकाळ झाली, मग ते अजान देत. विचार करा, ‘दिसत नाही तर हे काम दुसऱ्याला द्या’ असं झालं नाही. काम त्यांच्याकडेच राहिलं. डोळे फक्त दुसऱ्याचे होते. मदतनीसाची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

पुढे उमय्या खलिफा अल-वलीद याच्या काळात, म्हणजे इ.स. ७०५ ते ७१५मध्ये, प्रत्येक अंध व्यक्तीला वाट दाखवणारा आणि चालू न शकणाऱ्याला एक सेवक नेमून दिल्याची नोंद तबरीच्या इतिहासात आहे. तेव्हाच्या राज्याला हे सरकारी काम वाटलं होतं. आपल्याला अजून ते अम्मीचं काम वाटतं.

आपल्या मराठी मुलखातलंही एक नाव सांगतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. लोक त्यांना नसीमादीदी म्हणतात. ऐन तारुण्यात, सोळा-सतराव्या वर्षी, त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाण यांची भेट झाली आणि त्यांना जगण्याची दिशा मिळाली. त्या शिकल्या, केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सहकाऱ्यांबरोबर उभी केली. वसतिगृह, शाळा, रोजगाराची कामं. आपल्या कोकणातही, सिंधुदुर्गात, त्यांच्या संस्थेने काजू प्रक्रियेचा प्रकल्प उभारला. त्यांचं आत्मचरित्र ‘चाकाची खुर्ची’ मराठीत आहे, ते जरूर वाचा. एक मुस्लिम मुलगी व्हीलचेअरवर बसून दुसऱ्यांच्या पुनर्वसनाची संस्था चालवते, हे या महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वी घडलंय.

आता कायदा. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं येतात. त्याचं कलम ५ लक्षात ठेवा. ते सांगतं की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. तिने अमुक ठिकाणीच राहिलं पाहिजे अशी सक्ती होऊ नये, आणि तिला वैयक्तिक मदतनीसासह सगळ्या आधारसेवा मिळाव्यात यासाठी सरकारने प्रयत्न करावेत. वय आणि लिंग ध्यानात घेऊन, असंही त्यात आहे. म्हणजे तरुण मुलीला आंघोळ घालायला बाईच मदतनीस हवी, हा आपल्या घरांतला आग्रह कायद्यातही बसतो. पण कलमात ‘प्रयत्न करावेत’ असं आहे, ‘मिळालाच पाहिजे’ असं नाही. त्यामुळे मागणी आपल्यालाच लावून धरावी लागेल.

काम कसं होऊ शकतं, याची दोन उदाहरणं देतो. पहिलं ‘होम अगेन’चं. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं अडकलेल्या लोकांसाठी साध्या वस्तीत भाड्याची घरं घेतली. चार-पाच जणी एका घरात, सोबत मदतनीस. या मदतनीस बहुतेक आसपासच्याच बायका असतात, मोठ्या पदव्या नसलेल्या, कामावर शिकलेल्या. घरातल्या बायका भाजी आणतात, शेजारणीशी भांडतात, सणाला जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या आपल्या मार्गदर्शिकेत या प्रयोगाची दखल घेतली. आपल्या शेजारच्या रत्नागिरीतही तो राबवला गेला आहे.

दुसरं उदाहरण केरळातल्या मलप्पुरमचं. तिथलं चित्र आपल्यासारखंच: समुद्र, मुस्लिम वस्ती, आखाताचा पैसा. तिथे गावकऱ्यांनी छोट्या छोट्या वर्गण्या काढून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाणारे स्वयंसेवक आणि नर्स यांचं जाळं विणलं. शिवाय केरळ सरकार ‘आश्वासकिरणम’ योजनेत घरी काळजी घेणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देतं. रक्कम लहान आहे, पण हे काम आहे हे सरकारने मान्य केलं. मलप्पुरमला जमलं ते म्हसळ्याला का जमू नये?

चांगला मदतनीस कसा असतो, हेही सांगतो. तो विचारल्याशिवाय व्हीलचेअर ढकलत नाही. डॉक्टर किंवा दुकानदार त्याच्याशी बोलू लागला तर म्हणतो, ‘त्यांनाच विचारा.’ बोलायला वेळ लागणाऱ्या माणसाचं वाक्य तो पूर्ण करत नाही, थांबतो. घरातलं बाहेर सांगत नाही. आणि जे काम ती व्यक्ती स्वतः करू शकते, त्याला अर्धा तास लागला तरी हिसकावून घेत नाही. आपण प्रेमाने बऱ्याचदा हेच हिसकावतो.

‘आमच्या माणसाला आम्ही सांभाळतो, बाहेरचा कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यामागे इज्जत आहे, मायाही आहे. पण ‘आम्ही’ म्हणजे कोण? सांभाळणारी एक बाई आणि निर्णय घेणारे चार पुरुष, असंच ना? मदतनीस आला म्हणून नातं कमी होत नाही. उलट आईला पुन्हा आई होता येतं. अनोळखी माणसाची भीती मात्र खरी आहे. म्हणून निवड, चौकशी आणि तक्रारीची सोय जमातीच्या आणि घरच्यांच्या देखरेखीखाली हवी. दुसरी बाजूही विसरू नका. मदतनीस म्हणून गावातली किंवा आदिवासी वाडीवरची एखादी गरीब बाई आली, तर तिला ठरलेला पगार, ठरलेले तास आणि आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे. एका आईची सुटका दुसऱ्या आईला राबवून होणार नाही.

मग आपण काय करायचं? पहिलं, आपापल्या मोहल्ल्यातल्या अपंग मोठ्या माणसांना भेटा. त्यांच्या घरच्यांना नाही, त्यांना विचारा: कुठे जायचंय, काय करायचंय? त्यांच्या संमतीने यादी करा. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळ आपल्यावर आलं. पत्रे उडत असताना अंथरुणावरच्या माणसाला कुणी उचलायचं, हे तेव्हा किती गावांत ठरलेलं होतं? आपत्तीच्या वेळी सुरक्षेसाठी जिल्हा प्राधिकरणाने अपंग व्यक्तींची नोंद ठेवावी, असं कलम ८ सांगतं. आपली यादी तिथे उपयोगी पडेल.

दुसरं, कागदपत्रं. युडीआयडी कार्ड नसेल तर काढून द्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. आईवडिलांनंतर पालक कोण, यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा की ते कुठे गेले. मदतनीसाच्या मानधनाची मागणी तिथूनच सुरू करता येईल.

तिसरं, जमात. दरवर्षी व्हीलचेअर वाटपाचा फोटो निघतो, पण मशिदीच्या पायऱ्या तशाच राहतात. उतार बांधा, वुजूची एक जागा बसून वापरता येईल अशी करा. आणि फंडातून गावात निदान एक पगारी मदतनीस ठेवा, दिवसाचे दोन-दोन तास तीन-चार घरांसाठी. जकातीचा पैसा कुठे चालेल ते उलेमांना विचारा. सदका आणि आखातातल्या भावांची वर्गणी तर आहेच.

चौथं, तुम्ही स्वतः. आठवड्यातले दोन तास द्या. पण आधी शिका, कसं उचलायचं, कसं ऐकायचं. आणि सवाब म्हणून एकदा करून विसरू नका, कारण ज्याला बाहेर जायचंय तो दर शुक्रवारी तुमची वाट बघतो. नाही जमलं तर निदान आदल्या दिवशी कळवा.

आज इथून निघण्याआधी आपण कागद फिरवतोय. त्यावर आपल्या मोहल्ल्याचं नाव आणि आपण कुठला वार देऊ शकतो, एवढंच लिहा.