वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांस



नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. शेजारच्या कर्जत-खालापुरातील मुलामुलींना वैमानिक व्हावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. आकांक्षा स्तुत्य, परंतु हिशेब आधी मांडावा.

व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च ५० लाखांच्या घरात, वा अधिकही. पुढे विशिष्ट प्रकारच्या विमानाचे शिक्षण घ्यावे लागते. त्याचे द्रव्य निराळे. एवढे करून हाती येतो तो परवाना, नोकरी नव्हे. २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट एअरवेज व २०२३ साली गो फर्स्ट यांची उड्डाणे थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकांवरही बेकारी ओढवली. मग नवशिक्यांची काय कथा? कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

म्हणून आम्ही सुचवितो : पैसे भरण्यापूर्वी प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, शुल्क एकरकमी न देता उड्डाणाच्या तासांप्रमाणे देण्याची बोली करावी, पदवीचा अभ्यास सोबत चालू ठेवावा. आणि वडिलोपार्जित भातशेती सर्वच्या सर्व गहाण टाकू नये. मुंबई-पुण्याच्या वाटेवरील या मुलुखात हातची गेलेली जमीन परत मिळणे दुरापास्त आहे, आणि तीवर धाकट्या भावंडांचाही हक्क आहे, हे विसरू नये.