दहा वर्षांची बीएमडब्ल्यू: गाडी स्वस्त होते, पार्ट होत नाहीत

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय मात्र तुम्हीच दिलेला आहे. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाड्यांचा नाद कॉलेजपासूनचा. गेली तीन वर्षं पुण्यात २०१४ सालची बीएमडब्ल्यू ३२०डी वापरतोय. त्यामुळे ओळखीतलं कोणीही जुनी जर्मन गाडी बघायला निघालं की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला असतो. "दहा लाखांत नवी हॅचबॅक येते, आणि तेवढ्यातच दहा वर्षांची बीएमडब्ल्यूही मिळते. घेऊ का? टिकेल का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. टिकते, पण आपोआप टिकत नाही. कंपनीचं सर्व्हिसचं वेळापत्रक बनतं ते मुख्यतः पहिल्या मालकाला डोळ्यासमोर ठेवून. तुम्ही दुसरे किंवा तिसरे मालक असाल तर तुमचं वेळापत्रक तुम्हालाच बनवावं लागतं. आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यातून निघतं.

सगळ्या जर्मन गाड्या काही एका माळेचे मणी नाहीत. म्हणून मी फक्त माझ्या गाडीच्या पिढीबद्दल बोलतो. ही थ्री सिरीजची एफ३० नावाची पिढी, आपल्याकडे २०१२ मध्ये आली. ३२०डी म्हणजे दोन लिटरचं डिझेल इंजिन, १८४ हॉर्सपॉवर आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्या चेन्नईच्या कारखान्यात जुळवलेल्या. नवी होती तेव्हा तीस ते चाळीस लाखांच्या घरातली गाडी होती ही.

आता गिअरबॉक्सपासूनच सुरुवात करू, कारण माझा मुद्दा तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. हा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यू स्वतः बनवत नाही. तो झेडएफ या जर्मन कंपनीचा आहे, नाव ८एचपी. हाच गिअरबॉक्स जॅग्वार, लँड रोव्हर, अगदी रोल्स रॉइसमध्येही बसतो. चीज उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बीएमडब्ल्यूच्या नेहमीच्या सर्व्हिसमध्ये त्याचं तेल बदलणं येतच नाही. ते 'लाइफटाइम' तेल. आणि ज्यांनी गिअरबॉक्स बनवला ते झेडएफवाले काय सांगतात? ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा तेल बदला.

मग प्रश्न पडतो, लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ? पहिला मालक चार-पाच वर्षांत गाडी विकतो. त्याच्यासाठी ते तेल खरोखरच आयुष्यभराचं असतं, कारण त्याचं आणि गाडीचं नातंच तेवढ्या काळाचं. सर्व्हिसचा खर्च कमी दिसतो, तोही खूश, कंपनीही खूश. तेल मात्र तापतं, पातळ होतं, क्लच प्लेट झिजून निघालेली बारीक पूड त्यात मिसळते, आणि ते तेल गिअरबॉक्समधल्या केसाएवढ्या वाटांच्या व्हॉल्व्हमधून फिरत राहतं. आठव्या वर्षी दुसऱ्याकडून तिसऱ्याला झटका बसायला लागला की लोक म्हणतात, "बघा, जर्मन गाड्या अशाच." गाडी अशी नाही हो. ते काम करायची पाळी कोणाची, हेच कोणी ठरवलं नव्हतं.

आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. आज भागतंय म्हणून काम पुढे ढकललं, तर ते नाहीसं होत नाही. ते पुढच्या माणसाच्या नावावर चढतं, व्याजासकट. जुनी गाडी घेताना तुम्ही गाडीबरोबर ही उधारीही विकत घेता. विकणारा तिचा आकडा सांगत नाही, कारण बहुतेक वेळा त्यालाही तो माहीत नसतो.

आता इंजिन. एफ३०च्या आधीच्या पिढीपासून, म्हणजे २००७ पासून, बीएमडब्ल्यूने एन४७ नावाचं डिझेल इंजिन वापरलं. २०१४ ची माझी गाडी त्याच इंजिनाची. या इंजिनाची टायमिंग चेन पुढे नाही, मागे आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. चेन काय करते, तर इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका ताला-सुरात ठेवते. ती तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचा कारभार आटोपतो. सुरुवातीच्या वर्षांतल्या एन४७ मध्ये ही चेन आणि तिचे गाइड वेळेआधी झिजल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. नंतर सुधारणा झाली. पण चेन मागेच राहिली, त्यामुळे ती बदलायची तर गिअरबॉक्स तरी उतरवावा लागतो नाहीतर इंजिन तरी. पार्ट महाग नाही, मजुरी महाग.

यात आपल्या हातात काय आहे? इंजिन ऑइल. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, आणि चेनला वंगणही तेलाचंच. युरोपात या इंजिनांना ३०,००० किलोमीटर किंवा २ वर्षांपर्यंतचा अवधी दिलेला होता. तिथल्या हायवेवर एका दमात दोनशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीला ते चालूनही जाईल. हिंजवडी ते वाकड पाऊण तास रांगत जाणाऱ्या गाडीला नाही चालणार. इंजिन चालू असतं, किलोमीटर मात्र चढत नाहीत. गाडीचा कॉम्प्युटर सांगतो अजून बरेच किलोमीटर बाकी आहेत, आणि आतलं तेल काजळीने काळं झालेलं असतं. मी दर ८,००० किलोमीटरला किंवा वर्षाला बदलतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल, चांगला फिल्टर. या गाडीवर मी करतो त्यातला हा सगळ्यात स्वस्त खर्च, आणि सगळ्यात मोलाचाही हाच.

तिसरी गोष्ट रबर आणि प्लास्टिक. लोखंडाला किलोमीटर लागतात, रबराला वर्षं लागतात. म्हणून "फक्त ४० हजार चाललीय" हे ऐकून हुरळून जाऊ नका. दहा वर्षं पार्किंगमध्ये उभी असलेली गाडीही दहा वर्षांचीच असते. कूलंटची टाकी प्लास्टिकची, थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं, टर्बोपासून निघणारे पाइप, सस्पेन्शनचे बुश, इंजिनचे माउंट, ऑइल फिल्टरच्या घराचं गॅस्केट, हे सगळं उष्णतेने कडक होतं आणि एक दिवस तडकतं. मी यांची वाट बघत बसत नाही. कूलिंगचं काम एकदाच, एकत्र करून घेतलं. कारण माझ्यासाठी 'टिकणं' याचा अर्थ फार साधा आहे. दिवाळीत आई-बाबांना मागे बसवून कोल्हापूरला निघालो, तर रात्री अकरा वाजता खंबाटकीच्या घाटात तापमानाचा दिवा लागता कामा नये. बाबांच्या गुडघ्यांना रस्त्याच्या कडेला दोन तास उभं राहणं झेपणार नाही. सगळ्या स्प्रेडशीटच्या मागे कारण हे एवढंच आहे.

हो, स्प्रेडशीट आहे. पाचच रकाने: पार्ट, तारीख, किलोमीटर, कोणी केलं, पुढची पाळी कधी. ब्रेक फ्लुइड दर २ वर्षांनी. गिअरबॉक्सचं तेल झालं, आणि त्याची फिल्टरसकट येणारी खालची प्लास्टिकची ट्रेही बदलली. बॅटरी बदलली तेव्हा नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवून घेतली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॅटरीचं वय बघून गाडी चार्जिंग ठरवते. नवी बसवून नोंद केली नाही, तर ती जुनीच समजून चार्ज करत राहते.

पैशांचं आता. गाडीची किंमत दहा वर्षांत पाव होते. हेडलाइट, इंजेक्टर, टर्बो यांची किंमत पाव होत नाही. ते चाळीस लाखांच्या गाडीचे पार्ट होते आणि आजही आहेत. हत्ती स्वस्तात मिळेल, चारा त्याच भावाने घालावा लागतो. म्हणून माझा हिशोब असा: दहा लाखांचं बजेट असेल तर गाडी साडेसात-आठची बघायची, आणि उरलेले पैसे पहिल्या वर्षाच्या उधारीसाठी बाजूला. बचतीची एक जागा मात्र आहे. या गाड्यांचे पार्ट मुळात बनवतात कोण? सस्पेन्शनचे बरेचसे लेमफोर्डर, फिल्टर मान किंवा माले, डिझेलची बरीच यंत्रणा बॉश. त्याच कारखान्याचा तोच पार्ट, बीएमडब्ल्यूचा शिक्का नसलेल्या खोक्यातून, बऱ्याचदा पुष्कळ कमी किमतीत मिळतो. नकली पार्ट आणि शिक्का नसलेला अस्सल पार्ट यातला फरक ज्याला कळतो असा स्वतंत्र गॅरेजवाला शोधा. आणि तो गाडी घेण्याआधी शोधा, नंतर नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. माझा मामेभाऊ अशीच एक ३२०डी बघून आला, २०१३ ची, मूळ दिल्लीची. दिल्लीच्या गाड्या इकडे का येतात, तर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. पुढे त्यात बदल झाले, पण तोवर कितीतरी चांगल्या दिसणाऱ्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या. त्या महाराष्ट्रात आणायच्या तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला टॅक्स पुन्हा भरावा लागतो. ते धरून मगच भाव करायचा.

गाडी चकाचक होती. मीटरवर ६२,०००. मी सकाळी सातला गेलो, मुद्दाम, न कळवता. कारण चेनचा खरखराट थंड इंजिनातच नीट ऐकू येतो, आणि तोही पुढून नाही, डॅशबोर्डच्या दिशेने. बॉनेटवर हात ठेवला तर कोमट. कोणीतरी आधीच चालू करून ठेवली होती. कळवलं नव्हतं, तरीही. मग स्कॅनर लावला. या गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद फक्त मीटरमध्ये नसते, इतर मॉड्यूलमध्येही असते. एका मॉड्यूलमध्ये जुन्या एररशेजारी १,१८,००० चा आकडा दिसला. सर्व्हिसची कागदपत्रं २०१८ पर्यंतची, पुढे कोरी.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "दादा, सोड." तो गप्प झाला. त्याने ऑफिसात सांगून ठेवलं होतं, वहिनींना फोटो पाठवले होते, टोकनचे पैसे खिशात होते. लहानपणी आम्ही दोघं वहीच्या मागच्या पानावर याच गाडीची चित्रं काढायचो. मला म्हणाला, "तू स्वतः चालवतोस आणि मला नाही म्हणतोस." आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.

त्याचं म्हणणं मला कळतं. पण माझा नकार बीएमडब्ल्यूला नव्हता, त्या गाडीच्या कोऱ्या पानांना होता. १,१८,००० चाललेली पण प्रत्येक बिल जपलेली गाडी असती, तर मीच टोकन द्यायला लावलं असतं. मीटरवरचा लहान आकडा तुम्हाला काही सांगत नाही. बिलांची जाड फाइल सांगते.

मग ही गाडी कोणी घेऊ नये? ज्यांच्या घरात ही एकच गाडी असणार आहे, रोज हमखास लागणार आहे आणि एखाद्या महिन्यात अचानक लाखभर खर्च आला तर हप्ता चुकेल, त्यांनी घेऊ नये. त्यात कमीपणा काही नाही, नवी हॅचबॅक हा शहाणपणाचा निर्णय आहे. आणि कोणी घ्यावी? ज्याच्याकडे पर्यायी वाहन आहे, चारा वेगळा काढलेला आहे, आणि रविवारी सकाळी बॉनेट उघडून बघायचा ज्याला कंटाळा नाही, त्याने. त्याला ही गाडी भरभरून परत देते. द्रुतगती मार्गावर आठव्या गिअरमध्ये ती जशी शांतपणे धावते, ते नव्या हॅचबॅकमध्ये त्या पैशांत मिळत नाही, हेही तितकंच खरं.

मामेभाऊ आता पुन्हा बघतोय. परवा त्याने एका गाडीचे फोटो पाठवले. बाहेरून एकही नाही, सगळे बिलांचे. ते वाचून झाले की त्याला उत्तर देतो. तुम्हीही गाडी बघत असाल तर मॉडेल, साल आणि हातात असलेली सर्व्हिसची कागदपत्रं, एवढं लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातले निवडक प्रश्न घेऊ. भेटू मग.