चिकटलेल्या रिंगा आणि गव्हाचे पहिले पाणी
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या शिकवतो. मग आज इंजिनाच्या गोष्टी कशाला, असे आपणांस वाटेल. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढच्या पाण्याने पुरती भरून निघत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या घरचे डिझेल इंजिन एकदा सुरू होईना. जूनपासून ते विहिरीवर तसेच उभे होते. रिंगा चिकटल्या होत्या. पाणी नऊ दिवस उशिरा मिळाले आणि रान विरळ राहिले.

पिस्टनच्या खाचांत रिंगा मोकळ्या हलायला हव्यात. जुने ऑइल, कोंदलेला एअर फिल्टर, ठिबकणारे नोझल किंवा इंजिन फार तापणे यांमुळे खाचांत काजळी साचून घट्ट होते. मग रिंग लायनरला टेकत नाही आणि दाब निसटतो.

ओळखावे कसे? हॅण्डल हलके फिरते, ब्रीदरमधून धूर येतो, ऑइल जास्त जळते. नोझल काढून चमचाभर ऑइल आत सोडा, नोझल बसवून हॅण्डल फिरवा. दाब वाढला तर दोष बहुधा रिंगांचा. न वाढल्यास व्हॉल्व्ह तपासा.

उपाय : नोझल काढा. डिझेल व इंजिन ऑइल समभाग मिसळून अर्धी वाटी आत ओता व रात्रभर मुरू द्या. सकाळी नोझल न बसवता फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून सगळा द्रव बाहेर काढा. त्या वेळी तोंड छिद्रावर नेऊ नका, जवळ विडी नको. द्रव दाबला जात नाही; तो आत राहिल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल खाली झिरपून ऑइल पातळ होते, म्हणून चेंबरमधील ऑइल बदलूनच इंजिन सुरू करा.

दोन-तीन वेळा करूनही गुण न आल्यास हेड उघडून पिस्टन काढावा लागेल. तो डिझेलमध्ये भिजत ठेवा. रिंगा बिडाच्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटल्यास तुटतात. खाचा जुन्या रिंगेच्या तुकड्याने अलगद खरवडा. रिंगा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने बसवा व त्यांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नका.

पिस्टनच लायनरमध्ये जाम असेल तर हॅण्डलवर जोर करू नका, मिस्त्रीला बोलवा.

पावसाळ्यात इंजिन उभे असताना पंधरवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे भारावर चालवा. एअर फिल्टर साफ ठेवा, ऑइल पुस्तिकेत दिलेल्या तासांनी बदला. आणि गहू पेरण्याआधीच एकदा हॅण्डल मारून पाहा. तेव्हा दोष सापडला, तर दुरुस्तीला आपल्या हाती तीन आठवडे असतात.