शेजाऱ्याच्या घराला हरकत

'हरकत नाही' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. ते म्हणताना मनात काही हरकत नसतेच, असे मात्र नाही. पण हाच शब्द 'हरकती व सूचना' अशा जोडीने शासकीय कागदावर उतरला, म्हणजे त्याला कायद्याचे वजन येते. श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या हरकतीविषयी, आणि त्यातही तिच्या एका अवघड प्रकाराविषयी. शेजारच्या आवारात आजवर एक बैठे घर होते, पुढे चिक्कूचे झाड होते. आता मालकाने तेथे सात मजली इमारत उभारण्याचे योजिले आहे आणि नकाशे परवानगीसाठी दाखल केले आहेत. चौदा बिऱ्हाडे राहावयास येणार. आपल्याला हे रुचलेले नाही. शेजाऱ्याशी मात्र तीस वर्षांचा घरोबा आहे, त्याच्या मुलीच्या लग्नात आपण पंगती वाढल्या आहेत. अशा वेळी हरकत घ्यावी का, आणि घ्यावयाची तर ती कोणत्या शब्दांत?

नोकरीच्या निमित्ताने अशा हरकतींचे गठ्ठे मी वाचले आहेत. त्यांची एक ठरावीक चाल असते. अर्जदार आरंभी स्वतःचा परिचय देतो. तो ज्येष्ठ नागरिक आहे, नियमित करदाता आहे, त्याच्या वडिलांनी हा प्लॉट घेतला तेव्हा येथे रान होते. मग शेजाऱ्याच्या स्वभावाचे वर्णन येते. त्यानंतर अधिकाऱ्यांनी पैसे खाल्ले असणार असा संशय, आणि तो वाचावयाचा असतो त्याच अधिकाऱ्यांनी. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहिल्यासारखे, एक वाक्य सापडते: 'शिवाय नव्या इमारतीचा भराव तीन फूट उंच घेतल्यास पावसाचे सर्व पाणी आमच्या जोत्यात शिरेल.' वास्तविक हरकत एवढीच असते, आणि ती भक्कम असते. परंतु तिथवर पोहोचण्याआधीच वाचणाऱ्याचा धीर सुटलेला असतो.

म्हणून सौजन्य म्हणजे 'आदरणीय' आणि 'कृपाभिलाषी' या शब्दांची पेरणी, असे मला वाटत नाही. ज्याचे उत्तर देता येईल अशीच गोष्ट लिहिणे, हे हरकतीतले खरे सौजन्य होय. 'ही इमारत आमच्या वस्तीच्या शांततेवर घाला आहे' या वाक्याला कोणी काय उत्तर द्यावे? उलट असे लिहून पाहा: 'नियोजित इमारतीच्या पश्चिमेस, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, नकाशात तीन मीटर सामासिक अंतर दाखविले आहे. इमारतीची उंची पाहता ते अपुरे आहे असे आम्हांस वाटते. कृपया तपासून पाहावे.' याला उत्तर द्यावेच लागते. आणि यात शेजाऱ्याच्या अब्रूला धक्का लागण्याजोगा एक शब्दही नाही.

आता, कोणती गोष्ट हरकतीच्या पदरात बसते आणि कोणती बसत नाही, हे पाहू. इमारत जसजशी उंच, तसतशी तिच्या बाजूंना अधिक मोकळी जागा सोडावी लागते. पुढचा रस्ता जितका रुंद, त्या मानाने वर चढण्याची मुभा मिळते. अग्निशमनाची गाडी आत वळली पाहिजे, मोटारींची सोय आवारातच झाली पाहिजे, सांडपाण्याची व पावसाच्या पाण्याची वाट दाखविली पाहिजे. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक शहरांना २०२० साली एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि हे सारे तीत सापडते. हे झाले ग्राह्य मुद्दे.

आता अग्राह्य मुद्दे. गच्चीवरून दिसणारी टेकडी यापुढे दिसणार नाही, हे दुःख खरे आहे. पण त्याला कायद्यात जागा नाही. आपल्या घराची किंमत उतरेल, हेही कारण चालत नाही. उजेड आणि वारा यांची गोष्ट थोडी निराळी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या इमारतीच्या खिडकीतून वीस वर्षे अखंड व निर्वेध उजेड-वारा येत राहिला, तर त्यावर त्या इमारतीचा हक्क जडतो. लक्षात ठेवावे की हक्क इमारतीच्या खिडकीला आहे, मोकळ्या अंगणाला नाही. अंगणात तुळस सुकेल या कारणावर दावा उभा राहत नाही. शिवाय हक्क आहे म्हणून खिडकीपुढे काहीच बांधता येणार नाही, असेही नाही. राहणाऱ्याच्या स्वास्थ्यात भरीव उणेपणा आला, तरच न्यायालय दखल घेते. आणि हा विषय नगररचना कार्यालयाचा नव्हे, दिवाणी न्यायालयाचा. कार्यालयाच्या दाराशी तो घेऊन जाणारे पुष्कळ लोक 'हे आमच्याकडे येत नाही' एवढे ऐकून परततात, आणि त्यांना ती टोलवाटोलवी वाटते.

इंग्लंडमध्ये अशा प्रसंगी शेजाऱ्याला रीतसर विचारण्याची वहिवाट आहे. १९४७ च्या कायद्यापासून तेथे जमीन असणे म्हणजे तीवर हवे ते बांधण्याचा हक्क असणे, हे समीकरण मोडले. परवानगीचा अर्ज आला की आसपासच्या घरांना पत्र जाते किंवा जागेवर नोटीस लागते, आणि साधारणतः एकवीस दिवसांत कोणीही आपले म्हणणे लिहून पाठवू शकतो. आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात हरकती मागविल्या जातात त्या साऱ्या शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर. मुदत तीस दिवसांची. ज्याने हरकत दिली त्याला नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. एकेका इमारतीच्या परवानगीच्या वेळी शेजाऱ्याला विचारण्याची सक्ती मात्र या कायद्यात नाही. यातली गंमत अशी की आवारातले ते चिक्कूचे झाड तोडावयाचे असेल, तर १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यान्वये जाहीर सूचना द्यावी लागते, आणि ती सूचना खुद्द त्या झाडावरही लावतात. चौदा बिऱ्हाडांची वार्ता शेजाऱ्याला कळते ती पुष्कळदा झाडाच्या बुंध्यावरून! इंदूर, बडोदे, दिल्ली येथील श्रोत्यांसाठी राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत; तथापि आराखड्याच्या वेळी हरकती मागविण्याची तऱ्हा सामान्यतः सारखीच.

आणि आराखड्याची ती मुदत आपण कशी घालवतो? भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहून आपला रस्ता शोधणारे नागरिक बहुतेक ठिकाणी थोडेच असतात. मुंबईने २०१५ साली मात्र निराळे चित्र दाखविले. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात चुका निघाल्या, आणि हजारो हरकती आल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शासनाने तो मसुदा नव्याने करण्यास सांगितले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला व २०१८ मध्ये मंजूर झाला. कागदावरची चूक कागदावरच दुरुस्त झाली. एकही वीट हलवावी लागली नाही.

वीट रचली गेल्यावर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. उडुपी येथे निवासी भागात लग्नकार्यालय व व्याख्यानगृह बांधण्याची परवानगी घेऊन पुढे त्याचे चित्रपटगृह करण्यात आले. शेजारी न्यायालयात गेला. परवानगी नियमाविरुद्ध आहे हे उच्च न्यायालयाला पटले. पण चित्रपटगृहावर मोठा खर्च होऊन चुकला होता, म्हणून त्याने हात घातला नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. वस्तीत राहणाऱ्याला नगररचनेची योजना पाळली जावी असे मागण्याचा हक्क आहे, आणि ज्याचा अधिकारच नव्हता ती परवानगी पैसा खर्च झाला म्हणून वैध होत नाही, असे त्याने सांगितले. आपल्याकडे शेजाऱ्याच्या हक्काचा हा एक मोठा आधार आहे.

नोएडाचे जोड मनोरे तर सर्वांच्या डोळ्यांपुढे पडले. तेथल्या रहिवाशांची तक्रार मुळात अगदी साधी होती. आमच्या इमारतीपासून नव्या इमारतीत सोळा मीटर अंतर हवे, ते नऊच मीटर आहे. त्यांनी मंजूर नकाशे मागितले, ते मिळाले नाहीत. २०१२ मध्ये ते उच्च न्यायालयात गेले, २०१४ मध्ये त्यांच्यासारखा निकाल लागला, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे शंभर मीटर उंचीचे ते मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. ज्यांनी तेथे घरासाठी पैसे भरले होते, त्यांना व्याजासह रक्कम परत देण्याचा हुकूम झाला हे खरे. पण घर ते घर. सोळा आणि नऊ या दोन आकड्यांतला फरक नकाशाच्या कागदावर पट्टी ठेवून पाच मिनिटांत मोजता आला असता. जो अधिकारी शेजाऱ्याला नकाशा दाखवावयाचे टाळतो, तो बांधणाऱ्याचेही भले करीत नाही, असे माझे मत आहे. आता निदान माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे संकेतस्थळावर पाहावयास मिळतात.

येथवर मी हरकत घेणाऱ्याची बाजू मांडली. पण तिच्यात एक किडकी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने चंडीगढच्या पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांत एकेका घराचे मजलेवार तीन सदनिकांत तुकडे पाडण्यास मनाई केली. पहिला टप्पा दीड लाख वस्तीसाठी आखलेला होता. रस्ते, गटारे, बागा त्या हिशेबाने. घराघरांतून तिप्पट कुटुंबे भरली तर आखणीच कोसळेल, हे म्हणणे मला पटते. तरीही मनात एक प्रश्न उरतोच. त्या ऐसपैस सेक्टरांत ज्यांना आता जागा मिळणार नाही, ती कुटुंबे कोठे गेली? ती नाहीशी झालेली नाहीत. कोठेतरी दूर, अधिक दाटीत, तीही राहतच असतील.

काही हरकती इमारतीवर नसतातच, त्या इमारतीत राहावयास येणाऱ्या माणसांवर असतात. महाराष्ट्रात २०१३ पासून दहा लाखांवरच्या शहरांत चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के घरे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवण्याची अट आहे. अशा घरांचे नाव निघाले की अर्जांतून 'परिसराचा दर्जा', 'संस्कार', 'सुरक्षितता' हे शब्द दिसू लागतात. भाषा अतिशय सभ्य असते. पण पाणी, उजेड, रस्ता यांपैकी कशाचाच त्यात उल्लेख नसतो. येणारे लोक काय खातात, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, भाडेकरू की मालक, ही चिंता त्या सभ्य शब्दांच्या आडून डोकावत असते. असा कागद मी बाजूला ठेवतो. त्याला 'हरकत' म्हणण्याची माझी तयारी नाही. स्वतःचा अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच विचारावे: याच नकाशाप्रमाणे, याच उंचीची इमारत माझ्या सख्ख्या भावाने बांधली असती, तर मी हेच लिहिले असते का? उत्तर 'होय' आले, तर खुशाल लिहावे.

लिहिताना 'हरकती व सूचना' या जोडीतला दुसरा शब्द विसरू नये. मोटारींचा उतार शाळेच्या बाजूने न काढता दुसऱ्या अंगाने काढता येईल का? भराव घ्यावयाचाच असेल तर सामाईक भिंतीलगत पाण्याची नाली बांधून द्याल का? पाण्याचा पंप आमच्या निजण्याच्या खोलीपासून दूर बसेल का? अशा सूचना शेजाऱ्यालाही सहसा जड जात नाहीत, कारण नकाशावर त्यांचा खर्च पेन्सिलीच्या एका रेघेइतका असतो. इमारत 'नको'च म्हणणाऱ्याला पुष्कळदा काहीच मिळत नाही. नाली मागणाऱ्याला नाली मिळालेली मी पाहिली आहे.

अर्जाची एक प्रत शेजाऱ्याला स्वतःच्या हाताने द्यावी, आणि तीही अर्ज दाखल करण्यापूर्वी. एकाच भिंतीला दोन्हीकडून पाठ लावून राहणारी माणसे एकमेकांना स्पीड पोस्टाने पत्रे पाठवितात, हे मी पाहिले आहे. ते पत्र शहराला वळसा घालून भिंतीच्या पलीकडे पोहोचते, आणि पोहोचेपर्यंत दोन्ही घरांतली बोलचाल थांबलेली असते. प्रत देऊन दोनचार दिवस वाट पाहावी. त्या अवधीत पुष्कळ गोष्टी चहावर मिटतात. न मिटल्यास अर्ज टपाल शाखेत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. काम सुरू झाल्यावर नकाशातले अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांत फरक दिसला, तर जोते वर येताच लिहावे. चौथा स्लॅब पडल्यावर लिहिणे म्हणजे वरातीमागून घोडे. आणि तेही हुकले, तर एक जागा शिल्लक असते ती भोगवटा प्रमाणपत्रापूर्वीची. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झाले आहे की नाही, हे त्या वेळी कार्यालयाला पाहावेच लागते. त्यानंतर मात्र वरच्या मजल्यावर पडदे लागतात, दाराला तोरण बांधले जाते, आणि आपला अर्ज ज्यांना जाऊन भिडतो त्या माणसांनी तो नकाशा कधी पाहिलेलाही नसतो.