डिझेल इंजिनाचे दीर्घायुष्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांच्या विहिरी व पिठाच्या गिरण्या एके काळी डिझेल इंजिनावर चालत. आज अनेक तरुणांचा चरितार्थ ट्रॅक्टर व मालट्रक यांवर चालतो. तेव्हा हे यंत्र एवढे हाल सोसून टिकते कसे, याचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्यास ठिणगीची गरज नसते. सिलिंडरातील हवा साधारण 16 ते 20 पट दाबली जाऊन एवढी तापते की, तीत उडविलेले तेल आपोआप पेट घेते. प्लग, मॅग्नेटो हे नाजूक भाग त्यात नाहीतच. शिवाय हा दाब सोसण्यासाठी बाकीचे भागही भक्कमच घडवावे लागतात. जुन्या इंजिनांची गतीही संथ असे. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीचे 6 अश्वशक्तीचे प्रसिद्ध इंजिन मिनिटास अवघे 650 फेरे घेई. म्हणजे तासास 39,000. 1500 फेऱ्यांचे इंजिन तेवढ्याच वेळात 90,000 फेरे घेते. घर्षण कमी, म्हणून झीजही कमी. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि देशी इंजिनांचा हा आवाज आपल्या शिवारांच्या ओळखीचा झाला.

परंतु या सोशिकपणास तीन गोष्टी पुरून उरतात. पहिली धूळ : हवेबरोबर आत गेलेली रेती पिस्टनच्या रिंगा व लायनर कानशीसारखी घासते. दुसरे इंधनातील पाणी : पंप व नोझल यांच्या केसाहूनही सूक्ष्म फटींत ते गंज आणते. तिसरे काळवंडलेले वंगण : ते बेअरिंगे खाते. यांचा परिणाम लगेच दिसत नाही. इंजिन धूर ओकीत चालत राहते आणि मालक निर्धास्त होतो. मग एके दिवशी, नेमके पिकास पाण्याची पाळी द्यावयाच्या वेळी, ते बसते. वंगणाच्या एका डब्यात वाचविलेला पैसा तेव्हा उभ्या पिकासह जातो.

म्हणून तरुणांस माझी विनंती आहे की, एअर फिल्टर साफ ठेवावा, डिझेल गाळून भरावे, वंगण वेळेवर बदलावे आणि त्याची तारीख वहीत टिपावी. या कामास मोठा कारागीर लागत नाही. घरातील एक जागरूक माणूस पुरतो.