पटावर आहे, डावात नाही



आपल्याकडे मुलांच्या खेळात एक पद असते. खेळ लगोरीचा असो की पकडापकडीचा, एखादे लहानगे मध्येच आले की थोरली पोरे सांगून टाकतात, ‘हा कच्चं लिंबू.’ त्याला खेळात घेतलेले असते, पण तो बाद झाला तरी धरायचे नसते आणि त्याने कोणाला बाद केले तरी मोजायचे नसते. त्याच्यावर राज्य येत नाही. या पदात दुष्टावा नाही, माया आहे. तरीही त्याच्यासकट सगळ्यांना पक्के ठाऊक असते की डाव त्याच्याविना चालला आहे. इतर धाकटी मुले वर्षा-दोन वर्षांत या पदातून सुटतात. स्वमग्न मूल पुष्कळदा पहिलीत कच्चं लिंबू होते आणि आठवीतही तेच राहते. आपण त्याची स्वमग्नता मोजतो. वर्गाने त्याला दिलेली ही जागा मात्र मोजत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ही दोन मोजमापे वेगळी काढताच येत नाहीत, आणि दुसऱ्यावाचून पहिले अपुरे राहते.

पहिल्या मोजमापाचे मोल मी कमी करत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला जागा दिली. प्रमाणपत्रासाठी देशात जी मोजपट्टी वापरतात, ती ‘इसा’, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये तयार केली. तिच्यात सहा विभागांत ४० विधाने आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता नाही; ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. परदेशी चाचण्यांवर विसंबणाऱ्या देशाने स्वतःची मोजपट्टी घडवली, हे मोठे काम आहे. पण तिच्या पहिल्याच विभागाकडे जरा निरखून पाहा. तिथे एक विधान पाळीपाळीने वागता न येण्याबद्दल आहे आणि एक समवयस्कांशी नाते न टिकवण्याबद्दल. दोन्हींचे गुण मुलाच्या नावावर चढतात. ज्या मुलावर कधी राज्यच आले नाही, त्याला पाळी घेता येत नाही हे कशावरून ठरवायचे? नाते टिकायला दोघे लागतात, आणि तपासणीच्या खोलीत त्यांतला एकच हजर असतो. दुसरा शाळेच्या मैदानावर असतो. त्याला कोणी विचारलेले नसते.

ही उणीव मोजपट्टीपुरती नाही, शब्दातही आहे. ‘ऑटिझम’ हा शब्द ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञाने घडवला. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदी मांडताना तोच उचलला आणि आपण त्याचे ‘स्वमग्नता’ केले. शब्द सुरेख आहे, रुळलाही आहे, आणि मी तोच वापरतो आहे. पण तो निदानाआधीच एक निवाडा देऊन मोकळा होतो: हे मूल आपल्यातच बुडालेले आहे, त्याला आपली गरज नाही. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये या समजाला हात घातला. त्यांचे म्हणणे असे की न समजण्याची अडचण दुहेरी आहे. स्वमग्न माणसाला इतरांचे मन उमगत नाही तितकेच इतरांना त्याचे उमगत नाही. या विचाराला बळ देणारा पुरावा २०१७ मध्ये सॅसन आणि सहकाऱ्यांनी पुढे आणला. स्वमग्न आणि इतर प्रौढांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या, तेव्हा स्वमग्न व्यक्तींशी ओळख वाढवायची इच्छा कमी दिसली. त्याच व्यक्तींचे बोलणे नुसते लिहून वाचायला दिले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे दुरावा बोलण्यातल्या मजकुरामुळे आला नव्हता. तो पाहणाऱ्याच्या पहिल्या नजरेत तयार झाला होता. मी सांगितलेला हा पुरावा प्रौढांचा आहे, मुलांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण प्रश्न कुठे शोधायचा याची दिशा त्यातून मिळते.

मुलांबाबतचा पुरावा संशोधक कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या साध्या शाळांत शिकणारी ६० स्वमग्न मुले त्यांनी घेतली. काहींना मोठ्या माणसाने एकेकटे घेऊन सामाजिक कौशल्ये शिकवली. काहींच्या बाबतीत मुलाला बाजूला ठेवून त्याच्या वर्गातल्या तीन मुलांना शिकवले: एकटे पडलेल्याला खेळात कसे ओढायचे, त्याच्या कलाने कसे घ्यायचे. वर्गाच्या मैत्रीच्या जाळ्यात स्वमग्न मुलाची जागा सुधारली ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात. म्हणजे मुलाला हातही न लावता त्याची शाळा बदलली.

यावर पहिला आक्षेप मला ऐकू येतो आहे. अमेरिकेतली शाळा कुठे आणि नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातली दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा कुठे! आक्षेप खरा आहे, म्हणूनच इथल्या संशोधनाची गरज आहे. खेड्यातली मुले जात्याच सामावून घेतात, असे आपण अभिमानाने म्हणतो. एका खोलीत चार इयत्ता बसतात, भावंडे शेजारीशेजारी असतात, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. सामावून घ्यायला हे पोषक असूही शकेल. पण ते तपासलेले नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर लिहिताना बजावले होते की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह वितळत नाही. त्याला बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. कच्च्या लिंबाला सहवास पुरेपूर असतो. नसतो तो बरोबरीचा दर्जा.

दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा आहे आणि तो पालकांकडून येतो. आधी आमच्या मुलाचे निदान तर होऊ द्या, वर्गाच्या वृत्तीचे मग बघू. क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या या नगर जिल्ह्यात अकोल्याहून नगरचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब पडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात आणि सोबत गेलेल्या मुलांची शाळा अर्ध्यात तुटते. प्रमाणपत्राचा कागद हातात नसेल तर सवलत नाही, मदत नाही. ही निकड मी पूर्णपणे मान्य करतो. पण कागद येईपर्यंतची वर्षे मूल त्याच वर्गात काढत असते, आणि तो वर्ग बदलायला कुठल्याही मंडळाची सही लागत नाही. शिवाय वर्गाचे निरीक्षण निदानालाच उपयोगी पडेल. नजर न मिळवणे हे लक्षण धरले जाते, पण वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालणे ही आपल्याकडे रीत आहे. तेच मूल सोबत्यांत कसे पाहते हे कळले तर गुण नेमके पडतील. मुलींबाबत तर हे फार महत्त्वाचे आहे. गप्प, कोपऱ्यात बसणारी मुलगी आपण ‘शहाणी’ म्हणून वाखाणतो आणि तिची तपासणी राहून जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे: अशा अभ्यासाने मुलावर शिक्का बसेल. बसू शकतो, अभ्यास बेफिकिरीने केला तर. म्हणून ‘तुला वर्गात कोण आवडत नाही?’ हा प्रश्न संशोधकाने मुलांना कधीही विचारू नये; विचारणेच तो दुरावा घट्ट करते. निदान वर्गाला सांगायचे की नाही, हे पालकांनी आणि जमेल तिथे त्या मुलानेच ठरवावे. दिव्यांग सोबत्यांबद्दल मुलांना काय वाटते हे विचारणारी १९८६ ची कॅनडातली ‘कॅच’ प्रश्नावली, ३६ विधानांची, मराठीत आणता येईल. पण तिची उत्तरे आमची मुले परिपाठातल्या सुविचारासारखी देतील हा धोका मला मोठा वाटतो. सर्वांशी प्रेमाने वागावे, हे प्रत्येकाला पाठ असते. म्हणून उत्तरांपेक्षा वागण्याची नोंद घ्या. मधल्या सुट्टीत खिचडीची पंगत बसते तेव्हा त्याच्या शेजारची जागा शेवटी भरते की आधी? ताट धुवायला जाताना त्याला कोणी हाक मारते का? खेळ सुरू झाल्यावर त्याच्यावर एकदा तरी राज्य आले का, आणि आले तेव्हा ते खरोखर मोजले गेले का? गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक आणि वर्गशिक्षक मिळून एका वहीत चार रकान्यांत हे टिपू शकतात. रजनीश कुमार पांडे खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. ते प्रमाण गाठले गेले तर हे काम सुकर होईल, पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

वहीत एक पाचवा रकाना असावा, आणि तो त्या मुलाचा. त्याला पंगतीत कुठे बसायचे आहे, कोणता खेळ हवा आहे, की थोडा वेळ चिंचेखाली एकटेच राहायचे आहे? एकटे राहणे हा त्याचा कौल असेल तर तोही मानाने लिहून घ्यावा. सगळ्यांनी सतत घोळक्यात असलेच पाहिजे असे नाही. बोलता येत नसेल तिथे चित्रकार्डावर बोट ठेवू द्यावे. यंदा जिथे मुख्याध्यापक, पालक आणि वर्ग राजी असतील अशा मोजक्या शाळांत ही वही उघडावी, आणि नोंदींची पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीआधी, ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आत पुरी व्हावी.