एचआयव्हीवरील उपचार आणि हृदयाचे आरोग्य : वाढलेल्या आयुष्याचे अर्थशास्त्र



१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने एचआयव्हीबाधितांना अँटिरेट्रोव्हायरल औषधे, म्हणजेच एआरटी, मोफत देण्यास प्रारंभ केला. संसर्गाचे प्रमाण अधिक असलेली सहा राज्ये आणि दिल्ली येथील आठ सरकारी रुग्णालयांपासून ही सुरुवात झाली. तेव्हा प्रश्न जीव वाचवण्याचा होता. त्या वेळी पस्तिशीत असलेली आणि औषधे नियमितपणे घेत आलेली व्यक्ती आज पंचावन्नच्या पुढे गेली आहे. हे सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचे मोठे यश होय. मात्र हेच वय हृदयविकाराचेही आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे मध्यक वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर इतर प्रदेशांत सुमारे ५९ वर्षे आढळले. त्यातच एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. यात औषधांचा वाटा किती आणि विषाणूचा किती, हे समजून घेतल्याखेरीज धोरण ठरवता येणार नाही.

उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातील हितकारक कोलेस्टेरॉल घटते, पुढे अपायकारक कोलेस्टेरॉलही कमी होते आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात. उपचार सुरू झाल्यावर कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते. त्यातील काही वाढ प्रकृती मूळ पदावर आल्याची खूण असते, तर काही वाढ विशिष्ट औषधांमुळे होते. भारताच्या आरंभीच्या उपचारातील स्टॅव्हुडिन या औषधाने ट्रायग्लिसराइड्स वाढत, गाल बसत, हातपाय कृश होत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. दुसऱ्या फळीतील रिटोनाव्हिरयुक्त लोपिनाव्हिरनेही मेदाचे प्रमाण वाढते. एफाव्हिरेन्झचा परिणाम त्या मानाने सौम्य असतो. सध्या प्रामुख्याने दिली जाणारी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी मेदाच्या दृष्टीने बरीच निर्धोक आहे. तथापि, डोल्युटेग्राव्हिरमुळे काहींचे वजन वाढते.

औषधांच्या धोक्याचे मोजमाप ‘डी.ए.डी.’ या आंतरराष्ट्रीय पाहणीने केले. २३,४६८ रुग्णांच्या माहितीवरून २००३ मध्ये असा निष्कर्ष निघाला की, संयुक्त उपचाराच्या पहिल्या काही वर्षांत, दरवर्षी झटक्याचा धोका सापेक्षतः २६ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा भयावह वाटतो. परंतु टक्केवारी नेहमी मूळ संख्येसह वाचावी, हा सांख्यिकीचा साधा नियम आहे. त्या पाहणीत झटक्याचे प्रमाण दर हजार रुग्ण-वर्षांमागे अवघे ३.५ होते. उपचाराअभावी होणाऱ्या मृत्यूंशी तुलना करता हा धोका फारच लहान ठरतो.

मग धोका टाळण्यासाठी औषधे अधूनमधून थांबवावीत काय? या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर २००६ मध्ये ‘स्मार्ट’ या चाचणीने दिले. ५,४७२ रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार सलग ठेवले गेले, तर उर्वरितांचे प्रतिकारशक्तीच्या मोजणीनुसार मध्येच थांबवण्यात आले. उपचार थांबवलेल्यांमध्ये मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदयविकाराच्या घटनाही घटण्याऐवजी वाढल्या. अनिर्बंध वाढणारा विषाणू शरीरात सतत दाह निर्माण करतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा पोचवतो. गोळ्यांनी हृदय बिघडते या समजुतीने औषध सोडणारा रुग्ण दोन्ही बाजूंनी नुकसान ओढवून घेतो. हृदय जपण्यासाठीही एआरटी चालू ठेवणे हीच पहिली अट होय.

दुसरा उपाय २०२३ मध्ये अधिक स्पष्ट झाला. ‘रिप्रीव्ह’ या चाचणीत भारतासह बारा देशांतील ४० ते ७५ वयोगटातील ७,७६९ व्यक्ती सहभागी होत्या. सर्व जण एआरटी घेत होते आणि रूढ मोजमापानुसार त्यांचा हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम होता. रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. अर्थात, मधुमेहाचे प्रमाण या गटात ५.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४ टक्के आढळले. मधुमेह सर्वत्र पसरलेल्या भारतात रक्तशर्करेच्या तपासणीवाचून हे औषध देणे योग्य ठरणार नाही.

पाच वर्षांत एक गंभीर घटना टाळण्यासाठी सुमारे १०६ व्यक्तींना हे औषध द्यावे लागते, असा त्या चाचणीचा हिशेब आहे. हा खर्च परवडणारा आहे किंवा नाही, हे सर्वस्वी गोळीच्या किमतीवर अवलंबून राहील. स्टॅटिन वर्गातील औषधे भारतात जेनेरिक स्वरूपात तयार होतात. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीन एचआयव्ही औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगातील उपचाराचे अर्थकारणच पालटले. घाऊक सरकारी खरेदीचे तेच बळ येथेही उपयोगी पडू शकते. पारड्याच्या दुसऱ्या बाजूला झटक्याचा खर्च आहे. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. तरीही कमावत्या व्यक्तीची बुडालेली मजुरी आणि अर्धवट सुटलेले मुलांचे शिक्षण कोणत्याही विम्यातून भरून निघत नाही. वीस वर्षे मोफत औषधे पुरवून राष्ट्राने जपलेले मानवी भांडवल, टाळता येण्याजोग्या एका झटक्याने गमावणे हा मोठा अपव्यय आहे.

२०२३ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांच्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २०१० पासून राबवल्या जाणाऱ्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाची एआरटी केंद्राशी सांगड घालावी लागेल. चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर व मेद वर्षातून एकदा तपासला जावा; तंबाखू सोडण्यास मदत मिळावी आणि गरजेनुसार स्टॅटिन त्याच खिडकीवर मिळावे.

त्याच खिडकीचा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. कलंकाच्या भीतीने अनेक रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात आपला संसर्ग सांगत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांनी अजाणता सिम्व्हास्टॅटिन लिहून दिले आणि रुग्ण रिटोनाव्हिर घेत असला, तर सिम्व्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढून स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. मौनाची किंमत येथे शरीर मोजते. सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आलेला एचआयव्ही व एड्स कायदा भेदभावाला मनाई करतो आणि गोपनीयतेची हमी देतो. ही हमी प्रत्येक तपासणी-खोलीत प्रत्यक्षात उतरली, तरच रुग्ण निर्भयपणे बोलेल.

औषधांनी आयुष्य वाढवले आहे. वाढलेली ही वर्षे निरोगी आणि कमावती राहावीत, हे आता धोरणाचे उद्दिष्ट असले पाहिजे. आणि त्यासाठी लागणारे ज्ञान व औषधे दोन्ही देशात उपलब्ध आहेत.